छत्रीतला वाटा

पाचूबंदर, वसई
२२ सप्टेंबर २०२४

जोएल,

तुला एक आजी आहे. नाव मेरी, राहणार पाचूबंदर, तुझ्या बापाची आई. तू विसरला असशील म्हणून आधी ओळख करून देते. गेल्या रविवारी फोनवर तू "हो आजी, करतो आजी" म्हणालास आणि फोन ठेवल्याबरोबर सगळं मस्कतच्या वाळूत पुरून टाकलंस. म्हणून आजपासून फोन बंद, पत्र चालू. पत्र तुझ्या नाकासमोर धरता येतं.

लिहिते तुझी आई, क्रिस्टिना. मी बोलायचं, तिनं कागदावर उतरवायचं, मग कागदाचा फोटो काढून तू फोनवर दिलेल्या त्या कबुतरात टाकायचा. मी "पानी" म्हणते, ती "पाणी" लिहिते. एवढ्याशा टिंबा-काट्यासाठी माझ्या सुनेला माझी लाज वाटते, पण ते असो.

आता तुझ्या कबुतराबद्दल. मला अक्षर कळत नाही, चित्र कळतं. आधी तू एक ढग दिलास. त्यात आमचे फोटो चढवले आणि त्याची फुकटची जागा संपली. मग ससा दिलास. सशानं क्रिस्टिनाकडे असा काही पासवर्ड मागितला की तो तिलाच आठवेना. आता कबूतर. हे रोज सकाळी सांगतं की मी तुमच्या वस्तू सांभाळतोय, आणि एकही वस्तू दाखवत नाही, नुसतं गोल गोल फिरतं. बाजारात असा गडी असता तर मी त्याला बर्फ फोडायलाही ठेवला नसता. तू इंजिनिअर झालास तो ह्यासाठी का, की जगात जे नवीन निघेल ते आधी आजीच्या घरी आजमावून बघायचं?

ज्याचं उत्तर द्यायचं तू विसरलास ते असं. बापाच्या बोटीवरचं जीपीएस मरायला टेकलंय. पडदा कधी उजळतो, कधी काळा पडतो. त्यात त्याच्या जागा आहेत. रावस कुठे लागतो, घोळ कुठे फिरते, कुठे खाली खडक आहे, कुठे तो बुडालेला मालवाहू बार्ज जाळी खातो. तुझ्या आजोबांनी डोंगर आणि चर्चचा मनोरा एका रेषेत धरून ह्या जागा पाठ केल्या, तुझ्या बापानं त्या यंत्रात घातल्या. त्या गेल्या तर आपली बोट नुसती तरंगणारी लाकडं. आणि दुसऱ्याच्या हाती लागल्या तर त्याहून वाईट. तू म्हणतोस, कबुतरात ठेवा. बापजाद्यांच्या जागा मी कबुतराच्या गळ्यात बांधू?

बाकी खुशाली. माझी धाकटी बहीण ॲंजेला अर्नाळ्याहून फोन करून रडते. तिच्या सोनूच्या बोटीचं इंजिन दुरुस्तीला पडलंय. ते इंजिन सोनूसारखंच, धूर जास्त आणि चाल कमी. गेल्या नाताळाआधी त्यानं आपल्या जाळ्यावर जाळं टाकलं, तेव्हापासून तो आणि तुझा बाप मावसभाऊ असून एकमेकांचं तोंड बघत नाहीत. ॲंजेला चौथी शिकली, त्याची मिरवणूक अजून चालू आहे. रडतानासुद्धा मला इंजिनाच्या कर्जासाठी केलेल्या अर्जाचा मजकूर समजावते. तिच्या हाती कालवण मात्र चौथीतच राहिलं. इतकं पातळ, की मासा पोहत निघून जाईल.

उत्तर पाठव. विसरलास तर पुढच्या पत्रात परत ओळख करून देईन, आणि ती इतकी सभ्य नसेल.

तुझी आजी


मस्कत
२७ सप्टेंबर २०२४

प्रिय आजी,

ओळख पटली. सॉरी. जीपीएसवाल्याला फोन करायचं खरंच राहून गेलं. आज केला. त्या मॉडेलचा पडदा आता मिळत नाही म्हणतो. नवीन यंत्र घ्यायचं तर जुन्यातल्या जागा आधी बाहेर काढल्या पाहिजेत, आणि पडदा कायमचा गेला तर त्या काढता येणार नाहीत. म्हणून डॅडींना सांग, पडदा उजळला की एकेक पान समोर आणून मम्मीला फोटो काढू दे.

कबूतर सोडून दे, ते माझंच चुकलं. आता मी जी सर्व्हिस बघितली आहे तिचं चित्र छत्रीचं आहे. ही चांगली आहे. ऑफिसमधल्या तिघांनी वापरली. मम्मीच्या फोनवर मी इथून चढवून दिली आहे. तिच्यात "घर" नावाचं एक फोल्डर आहे. त्यात मम्मीनं काही टाकलं की माझ्याकडे आपोआप येतं, मी टाकलं की तुमच्याकडे. त्याला सिंक म्हणतात. भांडी घासायचं नव्हे, आजी, तू हेच म्हणणार म्हणून आधीच लिहितो.

आणि शेअर म्हणजे आपला वाटाच. मासळी वाटून घेतो तसा. फरक इतकाच, की मासळीचा वाटा दिला की आपल्याकडचं कमी होतं, इथे वाटा देऊनही आपलं आपल्याकडे राहतं. मम्मीला फक्त छत्रीवर बोट ठेवायचं, माणसाचं नाव निवडायचं आणि वाटा पाठवायचा. ज्याला पाठवला नाही त्याला काही दिसत नाही. डॅडींच्या जागा माझ्या बँकेपेक्षा सुरक्षित राहतील.

आपल्या धाकट्या ब्रिटनीच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचे फोटो अजून कुणाला मिळाले नाहीत अशी तक्रार आहे. तेही मम्मीनं त्याच "घर" मध्ये टाकावेत.

तुझा,
जोएल


पाचूबंदर
९ ऑक्टोबर २०२४

जोएल,

तुझ्या छत्रीत गेलो. सगळं घर गेलं, पत्रांसकट.

परवा बोटीवरचा पडदा दिवसभर काळा राहिला. तुझा बाप समुद्रावरून रिकामा आला आणि अंगणात असा बसला, जणू कुणी वारलंय. दुसऱ्या दिवशी पडदा उजळला, तेव्हा तो स्वतःच क्रिस्टिनाला हात धरून बोटीवर घेऊन गेला. फोटो काढले. अट एकच, की हे घराबाहेर जाता कामा नये. क्रिस्टिनानं ते "घर" मध्ये टाकले. नाव घर आहे म्हणजे घराबाहेर जाणार नाही, असं तुझ्या बापाला वाटतं. तोही तुझाच बाप.

फोटो मी पाहिले. निळ्या पडद्यावर जागोजागी छोटे मासे काढलेत आणि जागोजागी कवट्या. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी वाचता आलं. मासा म्हणजे जा, कवटी म्हणजे मरशील. तुमच्या शाळांनी इतकं सोपं लिहायला काय घेतलं होतं?

तुझ्या सिंकचा प्रताप ऐक. ब्रिटनीच्या कम्युनियनच्या फोटोंत माझा एक फोटो होता, तोंड उघडं, तोंडात अर्धा केक. मी क्रिस्टिनाला म्हटलं, हा काढून टाक. तिनं तिच्या फोनमधून काढला. संध्याकाळी तुझा बाप म्हणतो, माझ्या फोनमधला कुठे गेला. मग तू मस्कतहून विचारतोस, आजीचा केकवाला कुठे गेला. म्हणजे एका घरात मांजरानं मासा पळवला की साऱ्या पाड्यानं उपाशी झोपायचं, ही तुझी नवीन सोय. याला चार माणसं पगार घेऊन बसली असतील. त्यांना सांग, असं एक मांजर आमच्याकडे आहे, ते फुकटात करतं.

वाट्याचं तू लिहिलंस ते मात्र पटलं. ॲंजेला माझी बहीण आहे. सोनू आणि तुझा बाप भांडले म्हणून ती काही माझ्या पाठची नाही असं झालं नाही. आपल्या घरातलं तिच्या घरी गेलंच पाहिजे. मंगळवारी बाजारात बसले असताना मी शेजारच्या कोळणीच्या फोनवरून क्रिस्टिनाला निरोप दिला, की ॲंजेलाला वाटा पाठव, डॉमनिकला बोलू नकोस. तूही बापाला बोलू नकोस.

सोनूचं इंजिन आलं म्हणतात. आता अर्नाळ्याला परत धूर होईल.

तुझी आजी

(जोएल, आईंच्या निरोपाप्रमाणे वाटा पाठवला. तू शिकवलंस तसं छत्रीवर बोट ठेवून, ॲंजेलामावशींचं नाव निवडून. त्या कधीच्या कम्युनियनचे फोटो मागत होत्या. जमलं बरं का मला. — मम्मी)


मस्कत
१५ ऑक्टोबर २०२४

प्रिय आजी,

तुझं पत्र वाचून ऑफिसात एकटाच हसत होतो. केकवाला फोटो परत आणता येतो, छत्रीत कचऱ्याचा डबा असतो. आणू का?

एक बातमी आहे, चिडू नकोस. छत्री पण जरा मंद वाटते. मी आता खेकडा बघतोय. हा खूपच वेगात आहे आणि जागा दुप्पट देतो. आठवडाभरात सगळं तिकडे हलवतो, तुम्हाला काही करायला नको.

आणि आजी, मला खरंच बरं वाटलं. ॲंजेलाआजी रोज आपलं "घर" उघडते. इथे मला नाव दिसतं. नुसते फोटो नाही, तुझं एक-एक पत्र उघडलंय तिनं, काही तर तीन-तीनदा. म्हणजे तुमचं सगळं मिटलं तर. डॅडी आणि सोनू अंकलही बोलायला लागले का?

तुझा,
जोएल


पाचूबंदर
२० ऑक्टोबर २०२४

जोएल,

पत्र मिळालं. क्रिस्टिनानं वाचून दाखवलं, आज फार भरभर वाचलं. खेकड्याचं ऐकलं. खेकडा मी आयुष्यभर विकला. तो पुढे जातोय असं गिऱ्हाइकाला वाटतं आणि असतो बाजूला. तुला वेगात वाटला तर तुझं तूच बघ.

तुझी ॲंजेलाआजी चौथी शिकली, पण आभार मानायचा धडा बहुतेक पाचवीत होता. वाटा पाठवून इतके दिवस झाले. मोठ्या रावसाचे तुकडे, मधले, मी स्वतः तिच्यासाठी क्रिस्टिनाला बाजूला काढायला सांगितले होते. एक शब्द नाही. शब्द जाऊ दे, स्टीलचा डबासुद्धा परत आला नाही. ही बघ, तुझी आई लिहिता लिहिता थांबली. काय गं, डबा लिहिता येत नाही का?

तुझी आजी


(वेगळा कागद. आजचं पत्र आणि हा कागद, दोन्ही फोटो फक्त तुझ्या व्हॉट्सॲपवर.)

जोएल, डबा मी पाठवलाच नाही. आई वाटा म्हणाल्या आणि मला तुझा वाटा वाटला. त्या दिवशी तुकडे पाहून मला वाटलं घरासाठी ठेवायला सांगितलेत. आम्ही खाल्ले. ॲंजेलामावशींना अख्खं "घर" गेलं आहे. फोटो, आईंची पत्रं, आणि डॅडींच्या जागा. तुझ्या पत्रातली "ॲंजेलाआजी रोज उघडते" ही ओळ मी आईंना वाचून दाखवली नाही. लगेच बंद कर. डॅडींना कळलं तर ते मला नाही, तुला विचारतील.

मम्मी


मस्कत
२१ ऑक्टोबर २०२४

मम्मी,

वाटा काढून घेतला. पण तिच्या फोनमध्ये जे उतरलंय ते उतरलंय, ते मला इथून पुसता येत नाही. दोष छत्रीचा नाही, माझा आहे. जागा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायला मी सांगायला हवं होतं.

कदाचित ती फक्त फोटो बघत असेल. सोनू अंकलना दाखवलं नसेल. आपण थोडं थांबू या. तू आजीला एवढ्यात काही बोलू नकोस.

जोएल


पाचूबंदर
११ नोव्हेंबर २०२४

जोएल,

हे पत्र ढग, ससा, कबूतर, छत्री, खेकडा, कशातच जाणार नाही. थेट तुझ्या फोनवर येईल आणि वाचून झाल्यावर तू ते गिळून टाक.

काल चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर मी अंगणात बोंबील उलटत होते. ॲंजेला आली. अर्नाळ्याहून रिक्षा करून, फुलाफुलांची साडी, चष्मा नाकावर, फोन हातात. मी म्हटलं, डबा आणलास का. ती फाटकात उभी राहिली, फोन डोळ्यांसमोर धरला आणि वाचायला लागली. शाळेत बाईंसमोर वाचतात तसं, एकेक शब्द सुटा करून. तिचं कालवण किती पातळ. सोनूत धूर किती, चाल किती. चौथीच्या मिरवणुकीशी पोचली तेव्हा पाड्यातल्या बाया आपापल्या दारात आल्या होत्या. माझेच शब्द. मला माझं बोललेलं कधी कुणी परत वाचून दाखवलं नव्हतं. ऐकायला चांगलं होतं, पण जागा चुकीची होती.

मग तिनं फोन खाली घेतला. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही.

"लिहिलंस ते लिहिलंस," म्हणाली. "ते मी घरी बसून वाचलं आणि हसले पण. पण वाटा दिलास म्हणून घेतला मी. वाट्यात विष घालतात का गं, मेरी?"

मला काही कळेना. तेव्हा तिनं तो निळा पडदा दाखवला. तुझ्या बापाच्या जागा. तिच्या हातात.

झालं होतं असं. मी वाटा पाठवला म्हणजे भांडण मिटवायला जागा दिल्या, असं तिला वाटलं. तिनं त्या सोनूला दाखवल्या. सोनू आधी म्हणाला मला डॉमनिकचं काही नको. दुरुस्त झालेल्या इंजिनाला काम पाहिजे, म्हणून मग गेला. जिथे मासा काढलाय तिथे जाळं टाकलं, सर्वांत मोठ्या माशावर. वर आल्या चिंध्या. खाली तो बुडालेला बार्ज. सोनूचं नवीन जाळं, अजून एक हंगाम न पाहिलेलं.

तुझी आई उंबऱ्यात उभी होती, पांढरीफटक. ती पुढे आली. म्हणाली, "आई, तुम्ही वाटा म्हणालात. मी वाटाच पाठवला."

"मी रावसाचे तुकडे म्हणाले होते."

"तुम्ही नुसतं वाटा म्हणालात."

मी तिला बोलणार होते. पण ते तुकडे मीसुद्धा खाल्ले होते, आणि जेवताना म्हणाले होते की ॲंजेलाला ह्याहून बरे गेलेत. 

आता ऐक तुझ्या बापाचं. तो आतून सगळं ऐकत होता. बाहेर आला. मला वाटलं आता क्रिस्टिनाची धडगत नाही, त्याच्या आयुष्यभराच्या जागा अर्नाळ्याला पोचल्या होत्या. आणि तो हसायला लागला. उभ्यानं हसला, मग ओट्यावर बसून हसला. पोटाला हात लावून म्हणतो, "मावशी, कुणी माझ्या बोटीवर चढून बघेल म्हणून मी सगळं उलटं लिहिलंय. माझा मासा म्हणजे खडक. आणि कवटी म्हणजे रावस." आणि पुन्हा हसला.

ॲंजेलानं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. फोनकडे एकदा बघितलं. मग निघून गेली. रिक्षा थांबवूनच ठेवली होती.

अंगण शांत झालं तेव्हा मी तुझ्या बापाला विचारलं, तू आत्ता काय बोललास ते तुला कळलं का. म्हणे, काय. मी म्हटलं, कवट्या पण तिच्याकडेच आहेत ना रे.

त्यानं हसणं थांबवलं. अजून थांबलेलंच आहे. जेवला नाही. आपल्या जागा छत्रीनं फोडल्या नाहीत, तुझ्या आईनं फोडल्या नाहीत, त्या तुझ्या बापानं हसून फोडल्या. एवढी वर्षं जे कुणाला दिसू दिलं नाही, ते सोनूच्या फजितीची मजा मारायला ओट्यावर बसून सांगितलं. आता सोनूला सगळं कळलंय. आज पहाटे डॉमनिक बोट घेऊन गेला, कुणाला काही न सांगता. सुरा नेहमीच असतो बोटीवर, पण मला आजच आठवला.

प्रार्थना कर. करायला विसरू नकोस.

तुझी आजी


मस्कत
१२ नोव्हेंबर २०२४

आजी,

प्लीज फोन उचला. डॅडी परत आले का? मी काल रात्रीपासून मम्मी-डॅडी दोघांनाही लावतोय. सगळी चूक माझी आहे. मी सगळ्या सर्व्हिस बंद करतो. नाहीतर एक अशी आहे, जिच्यात किल्ली फक्त आपल्याकडे राहते, कंपनीलासुद्धा आतलं दिसत नाही. तिच्यात टाकून बाकी सगळीकडून पुसतो. पण आधी डॅडींचं कळवा.

जोएल


पाचूबंदर
२४ नोव्हेंबर २०२४

जोएल,

फोनवर क्रिस्टिनानं तुला "आले, ठीक आहेत" एवढंच सांगितलं. कारण बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नाही आणि कुठल्या चित्रात टाकण्यासारखं तर मुळीच नाही. हे पत्र गास गावची इझाबेल घेऊन येते आहे, तुमच्या मस्कतच्या हॉस्पिटलातली नर्स. तिची सुट्टी संपली. पाकीट बंद आहे. फोडलेलं दिसलं तर मला कळव.

डॉमनिक त्या पहाटे त्याच्या सर्वांत चांगल्या कवटीवर गेला. सोनू आधीच तिथे. दोघांनी एकमेकांना बघितलं. तुझा बाप सांगतो, मी त्याच्या बोटीवर उडी मारणारच होतो. त्याला मी एवढंच विचारलं, की तुझं पोट उडी मारताना कुठे राहणार होतं. तर उडी मारणार तेवढ्यात पलीकडून पाचूबंदरच्याच तीन बोटी येताना दिसल्या.

आता विचार कर. भर समुद्रात दोन मावसभाऊ एकाच जागेवर भांडताना दिसले तर बघणारा काय समजेल? इथे काहीतरी आहे. उद्या तिथे जत्रा.

सोनूला आधी सुचलं. हे मी कबूल करते आणि परत कधी करणार नाही. त्यानं इंजिन बंद केलं, टोपी काढून हलवली आणि ओरडला, "डॉमनिकदादा, इंजिन गेलं रे, दोर टाक." वर्षभर दादा सोडाच, नाव घेतलं नव्हतं त्यानं. तुझ्या बापाला दोर टाकावा लागला. तीन बोटी जवळ आल्या, त्यांनी विचारलं काय झालं. सोनूचं इंजिन काय असतं हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणाला शंका आली नाही. चार शिव्या देऊन गेले. त्या नजरेआड होईपर्यंत हे दोघं दोरानं बांधलेले, एकमेकांच्या तोंडासमोर. जवळ सुरे, खाली रावस, आणि जाळं टाकता येत नाही. काय करणार? बोलले.

काय बोलले ते सांगत नाहीत. पण त्या दिवसापासून एक दिवस हा जातो, एक दिवस तो. आपलं जुनं जाळं अर्नाळ्याला गेलंय, परत येईल असं दिसत नाही. म्हणजे जागा अर्ध्या गेल्या म्हण. तुझा बाप अजून रात्री उठून अंगणात फेऱ्या मारतो. मी त्याला म्हणते, अर्ध्या गेल्या त्या तुझ्या हसण्यानं गेल्या, उरल्या त्या सोनूच्या अकलेनं उरल्या, आता झोप. असं बोललं की त्याला जास्त झोप येत नाही.

माझी शिक्षा वेगळी. ॲंजेला आता वसईच्या बाजारात माझ्या शेजारी येऊन बसते. तिच्या टोपलीत तोच रावस, त्याच पाण्यातला. गिऱ्हाईक माझ्याशी घासाघीस करायला लागलं की ही चष्म्यावरून बघते आणि माझ्यापेक्षा कमी भाव सांगते. काल मी तिला म्हटलं, बहीण आहेस की कोण. ती म्हणाली, बहीण आहे म्हणूनच एवढं कमी करते, परकी असते तर फुकट दिला असता. डब्याबद्दल मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं रावसाचे तुकडे ही मी ऐन वेळी मारलेली थाप आहे. वाटू दे. आपण घरी बसून तिचे तुकडे खाल्ले हे तिला कळण्यापेक्षा ते बरं.

आता तुझ्या त्या किल्लीवाल्या नवीन सर्व्हिसबद्दल. तुला हात जोडते, काही नवीन चढवू नकोस. तुझा बाप, सोनू, क्रिस्टिना आणि मी, आम्ही बसून ठरवलं आहे. कवट्यांच्या जागा दोघांनी तोंडपाठ केल्यात. फोटो मात्र पुसायचे नाहीत. तुझ्या खेकड्यात आहेत तसेच ठेव, मासे माशांच्या जागी, कवट्या कवट्यांच्या जागी. कुलूप लावू नकोस. ज्याला दिसेल त्याला दिसू दे. आचोळ्यापासून अर्नाळ्यापर्यंत कुणाला आपल्या जागा चोरायची हौस आली तर त्यानं सुखानं चोराव्यात आणि सर्वांत मोठ्या माशावर जाळं टाकावं. तुमच्या सगळ्या इंजिनिअरांनी मिळून जी तिजोरी केली नाही, ती तुझ्या संशयी बापानं फुकटात करून ठेवली आहे. त्याला त्याची अक्कल होती असं मात्र समजू नकोस.

क्रिस्टिना म्हणते, आई, आता पुरे, कागद संपला. पाठीमागची बाजू रिकामी आहे, मला दिसते. पण तिलाही स्वयंपाक आहे.

नाताळाआधी तिथून कुणी वसईला येत असेल तर त्याच्या हाती खजूर पाठव. ओला, काळा, बी काढलेला, आणि आत बदाम खुपसलेला नको. मागच्या वेळेसारखा हलवा पाठवलास तर आणणाऱ्याच्याच हाती परत पाठवीन, आणि तो त्याला चिकटलेल्या माझ्या दातासकट येईल.

तुझी आजी